गवत नंतर अंथरा, आधी काळ्या मातीला पाणी पाजा

पत्र : ताई, मांजरी बुद्रुकला आमची वडिलोपार्जित जमीन आहे. गेल्या वर्षीपर्यंत ऊस होता. त्यातल्या एका तुकड्यावर मी आणि माझा चुलतभाऊ बॉक्स क्रिकेट आणि फुटबॉलसाठी १०० बाय ६० फुटांचं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, करतोय. बँकेचं कर्ज मंजूर झालंय. माती काळी आहे, आत्ता फेब्रुवारीतच हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात. एक कंत्राटदार म्हणतो, फूटभर माती काढू, मुरूम भरू, वर कच (क्रशरची बारीक चुरी) पसरून रोलर फिरवू आणि १५ दिवसांत गवत अंथरून देऊ. दुसरा म्हणतो, ४ इंच काँक्रीट ओता आणि मोकळे व्हा. वडील म्हणतात, काळ्या मातीवर कुणी घर बांधत नाही, तुम्ही मैदान कुठलं करताय? एप्रिलच्या सुट्टीआधी सुरू करायची घाई आहे. काय करावं?

उत्तर :

दादा, तुमच्या वडिलांनी त्या मातीत हयात घालवली आहे. ते म्हणतात त्यात तथ्य आहे आणि त्यांना या कामातून बाजूला ठेवू नका. काळ्या मातीवर मैदान होतं, चांगलं होतं. पण त्या भेगा तशाच ठेवून वर मुरूम टाकलात तर होणार नाही. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटलेली गोष्ट तीच आहे.

आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाईट नावाचं खनिज असतं. त्याची रचना खारीच्या पापुद्र्यांसारखी, आणि त्या पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं. पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आक्रसते. तुमची भेगाळलेली जमीन आत्ता पूर्ण आक्रसलेली आहे, म्हणजे तिचं सगळं फुगणं अजून शिल्लक आहे. अशा वेळी वर मुरूम आणि गवत टाकलं की जूनमध्ये पाणी त्या भेगांतून खोल उतरतं आणि माती खालून वर ढकलायला लागते. तो जोर इतका असतो की हलक्या एकमजली घराच्या भिंती तडकतात. तुमच्या गवताचं वजन त्यापुढे काहीच नाही.

मी हे स्वतः भोगलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याच्या पूर्वेला एका मैदानाचं काम माझ्या देखरेखीखाली झालं. एप्रिलमध्ये ठणठणीत कोरड्या मातीवर आम्ही भराव केला, लेव्हल उत्तम होती, सगळे खूश होते. ऑगस्टमध्ये पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळची कड अडीच इंच वर आली. पुढच्या उन्हाळ्यात समोरची, गुलमोहराकडची कड खाली बसली आणि गवताचा सांधा चार बोटं उघडला. एका मुलाचा पाय त्यात मुरगळला. भराव कमी पडला म्हणून असं झालं, हे मला बरीच वर्षं वाटत होतं. खरं कारण वेगळं होतं. एका कडेला माती ओली होत होती आणि दुसऱ्या कडेला झाड तिचं पाणी ओढून घेत होतं. काळी माती सगळीकडे सारखी ओली राहिली तर फारशी त्रास देत नाही. ती इथे ओली आणि तिथे कोरडी, आज ओली आणि उद्या कोरडी झाली की मैदान मोडतं. खालचं सगळं काम या एका गोष्टीभोवती आखा.

म्हणूनच ‘सगळी काळी माती काढून टाकू’ हा उपाय तुमच्याकडे चालणार नाही. ऋतूंप्रमाणे ओली-कोरडी होणारी माती आपल्याकडे कित्येक ठिकाणी ३ ते साडेतीन मीटर खोल असते, आणि मुळा-मुठेच्या काठाला थर जाड. तेवढं खोदलंत तर कर्ज त्या खड्ड्यातच संपेल. माती राहणारच आहे. तिच्यातला ओलावा बदलू द्यायचा नाही, एवढं आपल्या हातात आहे.

आधी प्लॉटवर तीन ठिकाणी दीड-दीड मीटरचे खड्डे घ्या आणि नमुने प्रयोगशाळेत द्या. पुण्यात माती तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळा आहेत, अभियांत्रिकी कॉलेजांच्या सिव्हिल विभागांतही हे काम होतं. ‘फ्री स्वेल’ची चाचणी मागा. ती समजायला सोपी आहे. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती एका नळकांड्यात पाण्यात टाकतात आणि तेवढीच दुसऱ्यात केरोसीनमध्ये. केरोसीनमध्ये ही माती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींची उंची वाचायची. केरोसीनमध्ये १० आणि पाण्यात १८ मिलिलिटर भरली तर फुगणं ८० टक्के. ५०च्या आत आकडा आला तर माती सौम्य समजतात. १००च्या पुढे गेला तर मी पुढे सांगते त्यातलं एकही काम गाळू नका.

खड्डे घेताना वडिलांना सोबत न्या. उसाच्या रानात पूर्वी पाट कुठून जायचा, चारी कुठे होती, एखादी विहीर किंवा खताचा खड्डा बुजवलाय का, हे त्यांनाच माहीत असणार. बुजवलेला पाट म्हणजे जमिनीखालची तयार नाली. पावसात पाणी तिथूनच धावतं आणि वरचा भराव बरोबर त्याच रेषेत खचतो. अशा जागा उकरून, गाळ काढून, थराथराने भरून घ्याव्या लागतात. उसाची खोडकी आणि मुळंही पूर्ण काढा. ती आत कुजली की पोकळी होते.

आता खोदाई. फूटभर माती काढायची हे तुमच्या पहिल्या कंत्राटदाराचं म्हणणं मला मान्य आहे. पण भराव दीड फुटाचा करा, म्हणजे तयार मैदान आजूबाजूच्या रानापेक्षा अर्धा फूट उंच राहील. काळ्या रानात जमिनीच्या पातळीत बसवलेलं मैदान म्हणजे तळं, कारण चारी बाजूंचं पाणी त्याच्याकडे येतं. खोदलेला तळही सपाट ठेवू नका. मधून दोन्ही लांब कडांकडे १ टक्का उतार द्या, म्हणजे ३० फुटांत साडेतीन इंचांहून थोडं जास्त. बहुतेक ठिकाणी वरचा थर उतरता आणि तळ सपाट किंवा बशीसारखा खोल असतो. मग वरून झिरपलेलं पाणी तळात साचून मातीत मुरत राहतं.

तळ उघडा झाला की मातीला पाणी पाजा. भेगा भरेपर्यंत टँकरने सावकाश, दोन-तीन दिवस. नंतर वरची ६ इंच माती रोटाव्हेटरने फोडा. तो तुमच्याकडे किंवा शेजाऱ्याकडे असेलच. ओलसर असतानाच रोलरने दाबा. मातीचा गोळा हातात वळता यावा पण हाताला लगदा लागू नये, इतपत ओल हवी. कोरडी दाबलेली काळी माती रोलरखाली घट्ट दिसते, पण पाणी मिळालं की तीच जास्त फुगते. थोडी जास्त ओली दाबलेली माती कमी फुगते. कंत्राटदाराला हे पटवणं अवघड जातं, कारण ओल्या मातीत रोलर चिकटतो आणि काम मंदावतं. इथे तुम्ही सायटवर उभं राहा.

फ्री स्वेलचा आकडा मोठा आला तर याच ६ इंचांत चुना मिसळा. मातीच्या कोरड्या वजनाच्या ३ ते ५ टक्के, विझवलेल्या चुन्याची पूड. तुमच्या ६,००० चौरस फुटांना ४ टक्के धरले तर सुमारे ५ टन लागेल. पूड सारखी पसरवून रोटाव्हेटर दोनदा आडवा-उभा फिरवायचा, पाणी मारून दाबायचं आणि आठवडाभर ओलं ठेवायचं. चुन्याने मातीचा चिकटपणा आणि फुगणं दोन्ही कमी होतं. काम करणाऱ्यांना चष्मे, हातमोजे आणि बूट द्या. चुना डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो, आणि उघड्या पायांनी चुन्यात काम करणारी माणसं मी पाहिली आहेत.

यावर मुरूम, दबून १ फूट, दोन थरांत. न फुगणाऱ्या मातीचा दाबलेला थर काळ्या मातीवर दिला की खालचं फुगणं आटोक्यात राहतं, यावर आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी मोठं काम केलं, आणि काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांसाठी ते वापरलं गेलं. आपला मुरूम तेच काम करतो, शिवाय वरून आलेलं पाणी मातीपर्यंत सहज पोहोचू देत नाही. मात्र मुरूम बघून घ्या. ओला करून मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की भुगा व्हावा. बोटाला चिकटला तर त्यात मातीच जास्त आहे, डंपर परत पाठवा. डंपरच्या हौद्याची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून त्यांचा गुणाकार १००ने भागला की ब्रास मिळतात, कारण एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. चालकाने सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. तुम्हाला दबलेला ६० ब्रास लागेल, म्हणजे सुटा ७५च्या आसपास मागवावा लागेल. प्रत्येक गाडीची रॉयल्टीची पावती घ्या, आणि काढलेली काळी माती बाहेर द्यायची असेल तर तहसील कार्यालयात आधी विचारा.

प्रत्येक थर ६ इंचांचा, पाणी मारून, ८ ते १० टनांच्या व्हायब्रेटरी रोलरने. कोपऱ्यांत आणि कडांना रोलर पोहोचत नाही, तिथे प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे हाताने चालवायचं दाबायचं यंत्र, लावा. घनता मोजून घ्या. प्रयोगशाळेचा माणूस सायटवर येऊन, लहान खड्डा घेऊन त्यात वाळू भरून ती मोजतो. प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांच्या वर आकडा हवा. शिवाय एक साधी खूण मी कधी सोडत नाही. भरलेला डंपर दाबलेल्या थरावरून अगदी हळू चालवायचा आणि आपण चाकाच्या बाजूने चालत राहायचं. कुठे जमीन चाकाखाली रबरासारखी लवून परत वर आली तर तेवढा तुकडा उकरून पुन्हा भरायचा.

आता पाणी. कृत्रिम गवताच्या पाठीला भोकं असतात, पाऊस त्यातून खाली जातो. वळवाच्या एका तासात ५० मि.मी. पडला, आणि पुण्यात असा पडतो, तर तुमच्या मैदानावर जवळपास २८ हजार लिटर पाणी येतं. १० हजारांचे तीन टँकर एका तासात ओतल्यासारखं. फक्त कच पसरलेला असेल तर हे पाणी कुठे जाणार? कच बारीक पुडीमुळे बसतो, पाणी धरतो, चिखल होतो. म्हणून दाबलेल्या आणि उतरत्या मुरमावर आधी जिओटेक्स्टाईलचं कापड अंथरा, जोडाला फूटभर एकावर एक. ते मुरमाला खडीत शिरू देत नाही. त्यावर खडीचा ६ इंचांचा थर, खाली ४० मि.मी., वर २० मि.मी. आणि सगळ्यात वर इंचभर ६ मि.मी.ची ग्रीट. वाघोली-मोशीकडच्या क्रशरवर हे सगळं मिळतं, फक्त ‘पूड चाळून द्या’ असं स्पष्ट सांगा. गवतातून खडीत, खडीतून मुरमाच्या उतारावरून कडेला, अशी पाण्याची वाट झाली.

कडेच्या नालीत लोक एक चूक करतात. काळ्या मातीत खणलेली उघडी नाली स्वतःच मातीला पाणी पाजते, आणि नेमकी कड फुगते. म्हणून नालीच्या तळाला आणि बाहेरच्या बाजूला जाड प्लास्टिकचा कागद लावा, आत ६ इंची छिद्रांचा पाईप, भोवती खडी, त्याभोवती जिओटेक्स्टाईल. कोपऱ्यांवर चेंबर ठेवा म्हणजे साफ करता येईल. शेवटी पाणी जिथे सोडणार त्या नाल्याची पातळी काम सुरू होण्याआधी मोजा. गवंड्याकडे पाणी भरलेली लेव्हलची नळी असते, तेवढी पुरते. नाला तुमच्या पाईपपेक्षा उंच निघाला तर पाणी उलटं आत येईल. मग टाकी आणि पंप करा. शोषखड्डा मात्र करू नका, काळ्या मातीतून पाणी लवकर खाली मुरत नाही, खड्ड्यात साचलेलं पाणी बाजूला पसरून मैदानाखालीच जाईल.

आणि कडा. मैदानाखालची माती झाकलेली असते म्हणून मधे ओल टिकते. कडा उन्हाळ्यात वाळतात, पावसाळ्यात भिजतात. हे थांबवायला मैदानाच्या चारी बाजूंना, नालीच्या बाहेरून, ४ फूट खोल अरुंद चर खणून त्यात जाड एचडीपीईचा (टिकाऊ प्लास्टिकचा) कागद उभा सोडा आणि चर परत भरून दाबा. त्याच्या बाहेर ३ फुटांचा काँक्रीटचा पट्टा, बाहेर उतार देऊन. हा खर्च निविदेत कुणी दाखवत नाही, पण काटकसर करायची असेल तर दुसरीकडे करा. हात धुण्याचा नळ, संडास, पाण्याची टाकी मैदानापासून लांब ठेवा. कडेला सावलीसाठी झाडं लावायचा मोह होईल. झाड जेवढं उंच होणार तेवढं तरी लांब लावा.

जाळीचे आणि दिव्यांचे खांब सगळ्यात आधी. वाऱ्याने जाळी खांबाला ओढते, उथळ पायातला खांब काळ्या मातीत दोन पावसाळ्यांत झुकतो. रुरकीच्या सीबीआरआय या केंद्र सरकारच्या इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच खाली फुगीर गोळा असलेली ‘अंडर-रीम्ड’ पाईल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेला काँक्रीटचा खांब, विकसित केली. ती साधारण साडेतीन मीटर खोल नेऊन हलणाऱ्या मातीच्या खाली रोवतात. दिव्यांच्या खांबांना तीच करा. विजेच्या केबलचे पाईपही मुरूम भरण्याआधीच टाका, नंतर भराव फोडून चर खणला की तिथली दबाई कधीच पूर्ववत होत नाही.

४ इंच काँक्रीटबद्दल थोडक्यात. सळईशिवायचं एवढं पातळ काँक्रीट फुगणाऱ्या मातीवर तडकेल, पाणी खाली जाऊ देणार नाही, आणि त्यावर फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या गुडघ्यांचं मला वाईट वाटतं. फक्त क्रिकेटची खेळपट्टी काँक्रीटची करायची असेल तर ती सळई टाकून, वेगळी सुटी, तिच्याभोवती सांधा सोडून करा.

आता घाईबद्दल. कर्जाचे हप्ते सुरू होतील हे मला दिसतंय, आणि सुट्टीचा हंगाम हातचा जाऊ नये असं कुणालाही वाटेल. तरी माझा सल्ला असा की मार्च-एप्रिलमध्ये तळ, मुरूम, खांब, कडेचे कागद आणि नाली एवढं पूर्ण करा आणि गवत या वर्षी जूनआधी टाकू नका. जाळी आणि दिवे लागले की दाबलेल्या मुरमावर टेनिस बॉलच्या स्पर्धा छान होतात, आपल्याकडची मुलं त्यावरच वाढली आहेत. एप्रिल-मेच्या संध्याकाळी त्याला भाडं मिळेल, गवताच्या दराने नाही, पण मिळेल. मग पावसाळा त्यावरून जाऊ द्या. मातीला जे थोडं फुगायचं राहिलं असेल ते तेव्हाच फुगेल. जोराच्या पावसानंतर तासाभराने छत्री घेऊन जा आणि पाणी कुठे उभं आहे तिथे चुना टाकून खूण करा, मोबाईलवर फोटो काढा. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस थांबला की त्या जागा उकरून भरा, पुन्हा रोलर फिरवा, मग कापड, खडी, ग्रीट आणि दिवाळीच्या आसपास गवत. ग्रीटवर ३ मीटरची सरळ पट्टी ठेवली तर तिच्याखाली कुठेही १० मि.मी.पेक्षा जास्त फट दिसता कामा नये. गवत अंथरणारे आले की आधी ही पट्टी त्यांच्यासमोर फिरवा, म्हणजे नंतर ‘खालचं काम वाईट होतं’ आणि ‘वरचं काम वाईट होतं’ असं दोघांत होणार नाही.

बँकेशी बोलून कर्जातली गवताची रक्कम ऑक्टोबरला उचलता येते का ते विचारा, म्हणजे त्यावरचं व्याज आत्तापासून चढणार नाही. कंत्राटदाराशी लेखी करा, त्यात प्रत्येक थराची दबलेली जाडी आणि घनता लिहा. नुसतं ‘मुरूम भराई’ असं लिहिलं तर वाद तुम्ही हराल. आणि १० टक्के रक्कम पावसाळा संपल्यावर द्यायची ठेवा. या अटीला जो तयार होत नाही त्याला काम देऊ नका, दर कितीही कमी असो.

तिन्ही खड्ड्यांचे फ्री स्वेलचे आकडे आले की मला लिहा, सोबत नाल्याची पातळी आणि जुन्या पाटाची रेघ दाखवणारा हाताने काढलेला नकाशा पाठवा. चुना लागेल की नाही ते मी त्यावरून सांगेन. तोवर डंपर बोलावू नका.